कारखान्याचा सर्व्हर नव्याने घ्यावा की क्लाउडवर जावे? (उद्यमबाग, बेळगाव)

उद्यमबागकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत आमची ओतकामाची छोटी फाउंड्री आहे आणि तिला लागूनच मशीन शॉप आहे. दोन्हीकडे मिळून पंचेचाळीस माणसे काम करतात. आप्पांनी २०१६ साली घेतलेला सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचे काम ज्यावर चालते तो मुख्य संगणक, गेल्या महिन्यात दोनदा बंद पडला. दुसऱ्या वेळी दुरुस्तीला आलेल्या माणसाने झाकण उघडले, तेव्हा पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) फटींमध्ये साच्याची काळी वाळू व लोखंडाची भुकटी यांचा असा थर बसला होता की तो ब्रशने निघेना, शेवटी बांबूच्या काडीने खरवडावा लागला. सर्व्हरची खोली शॉपपासून दोन दरवाजे आत आहे आणि तिथे एसी आहे, तरीही ही स्थिती झाली. इंडक्शन भट्टी चढवली की व्होल्टेज खाली येते, त्यामुळे यूपीएस दिवसातून अनेकदा बॅटरीवर जातो आणि त्याच्या बॅटऱ्या आता फुगल्या आहेत.

या एका यंत्रावर आमचे चार प्रकारचे काम चालते. हिशेब टॅलीमध्ये आहे. खरेदी, साठा आणि पाठवणी यांसाठी दहा वर्षांपूर्वी इथल्याच एका प्रोग्रॅमरकडून करून घेतलेले ईआरपी, म्हणजे कारखान्याचा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर, आहे. ग्राहकांची ड्रॉइंग व पॅटर्नच्या फाइल सुमारे ५०० जीबी भरतात. शिवाय व्हीएमसी मशीनना (संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या यंत्रांना) जी-कोडचे, म्हणजे त्या आज्ञांचे, प्रोग्रॅम येथूनच जातात. अलीकडे मी कास्टिंगच्या सिम्युलेशनकडेही, म्हणजे ओतकाम आधी संगणकावर करून पाहण्याकडेही, वळलो आहे. धातू साच्यात कसा थिजतो आणि पोकळी कुठे राहू शकते हे त्यातून आधी कळते, परंतु एकेका कामाला आमच्या संगणकावर पूर्ण रात्र लागते आणि असे काम महिन्यातून दोन-तीनदाच असते.

नव्या सर्व्हरचे कोटेशन ३,६०,००० रुपये अधिक जीएसटी असे आले आहे. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या यंत्रांवर, मुंबईच्या केंद्रात तशीच व्यवस्था चोवीस तास ठेवण्यासाठी दुसऱ्या एकाने महिना २२,००० रुपये सांगितले आहेत. हिशेब सांभाळणारे काका म्हणतात की, स्वतःच्या घराला भाडे कोण भरत बसतो. आणि पाच वर्षांचा गुणाकार केला तर त्यांचे म्हणणे खरे दिसते. आप्पांचे म्हणणे वेगळे आहे. त्यांच्या मते आपला धंदा ओतकामाचा आहे, संगणक राखण्याचा नाही. ज्यांनी हा निर्णय प्रत्यक्ष घेतला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.


टिळकवाडी नेटवर्क

आपल्या प्रश्नात चार कामे आहेत आणि त्यांना मिळून एकच उत्तर शोधले जात आहे, अडचण तिथे आहे. मी वीस वर्षे या भागातील कारखान्यांची नेटवर्क उभारतो आहे. माझ्या अनुभवात ‘सगळे घरात’ आणि ‘सगळे क्लाउडवर’ हे दोन्ही निर्णय नंतर बदलावे लागले आहेत. प्रत्येक कामाबद्दल आधी एवढेच विचारावे की इंटरनेट चार तास गेले तर हे काम थांबून चालेल का.

व्हीएमसीचे काम थांबून चालणार नाही. मोठा प्रोग्रॅम मशीनच्या मेमरीत मावत नाही म्हणून तो थोडाथोडा पाठवला जातो, आणि मध्येच धागा तुटला तर टूल जॉबमध्ये असतानाच मशीन उभे राहते. त्यासाठी शॉपजवळ बंद पेटीतला, पंखा नसलेला एक साधा औद्योगिक संगणक ठेवा. त्याला सर्व्हरची किंमत पडत नाही आणि वाळूचा त्रासही फारसा होत नाही. ड्रॉइंगच्या फाइल एका एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) आपल्याच जागेत ठेवा आणि रात्री त्यांची प्रत क्लाउडवर जाऊ द्या. पहिली प्रत जायला वेळ लागेल, याची तयारी ठेवा: आपली अपलोडची गती २० एमबीपीएस (सेकंदाला २० मेगाबिट) असेल तर ५०० जीबीला अखंड पंचावन्न तास लागतात. शनिवारी संध्याकाळी सुरू करा; सोमवारी कामाच्या वेळेत तिची गती आवरा. त्यानंतर रोज फक्त बदललेल्या फाइल जातील.

सिम्युलेशन मात्र क्लाउडला साजेसे काम आहे. महिन्यातून तीन रात्रींसाठी मोठे यंत्र विकत घेऊन उरलेले सत्तावीस दिवस ते झाकून ठेवण्यापेक्षा, तेवढ्या तासांचेच भाडे भरणे शहाणपणाचे. इथे आधी दोन गोष्टी तपासा. सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात ते भाड्याच्या यंत्रावर चालवण्याची मुभा आहे का, आणि ज्या ग्राहकाचे ड्रॉइंग आहे त्याच्याशी झालेल्या गोपनीयतेच्या करारात ते बाहेरच्या यंत्रावर नेण्यास मनाई तर नाही ना. वाहन उद्योगाला माल देणाऱ्यांच्या करारात असे कलम बहुधा असते. ग्राहकाकडून लेखी परवानगी मागवली की नंतर वाद उरत नाही.

ईआरपीबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांची निराशा तिथेच होते. जुना प्रोग्रॅम संगणक आणि सर्व्हर एकाच खोलीत आहेत असे धरून लिहिलेला असतो. एक बिल उघडताना तो सर्व्हरशी पाचशे वेळा बोलतो. घरच्या नेटवर्कवर प्रत्येक फेरीला अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणून बिल पाव सेकंदात उघडते. तोच सर्व्हर मुंबईला नेला आणि प्रत्येक फेरीला वीस मिलिसेकंद लागले, तर तेच बिल उघडायला दहा सेकंद लागतील. लोक मग क्लाउडला दोष देतात, पण दोष प्रोग्रॅमच्या बोलघेवडेपणाचा असतो. उपाय असा की डेटा आणि प्रोग्रॅम दोन्ही तिकडेच ठेवायचे आणि आपल्या टेबलावर फक्त पडदा आणायचा, म्हणजे रिमोट डेस्कटॉप. टॅलीचेही तसेच करता येते. रिमोट डेस्कटॉपसाठी प्रत्येक वापरणाऱ्यामागे वेगळा परवाना घ्यावा लागतो. आलेल्या कोटेशनमध्ये तो धरला आहे का, हे विचारून घ्या.

आप्पांच्या मुद्द्याबद्दल एक सांगतो. गोकाकच्या गिरणीची यंत्रे एके काळी धबधब्याच्या पाण्याच्या जोरावर चालत. आज उद्यमबागेत कोणी स्वतःसाठी धरण बांधत नाही, हेस्कॉम या वीज कंपनीची वीज घेतो आणि मीटरप्रमाणे पैसे भरतो. क्लाउडचेही तत्त्व हेच आहे. तरीसुद्धा हेस्कॉमची वीज आहे म्हणून आपल्यापैकी कोणी जनरेटर विकलेला नाही.


निपाणीचा करसल्लागार

काकांचा गुणाकार बरोबर आहे, पण त्यात सर्व्हरची किंमत फक्त कोटेशनएवढी धरली आहे. मी आपल्याच आकड्यांवरून ढोबळ मांडणी करून पाहिली. ३,६०,००० रुपये पाच वर्षांवर पसरले तर महिना ६,००० रुपये येतात. सर्व्हर अडीचशे वॉटचा धरला तर दिवसाला सहा युनिट, म्हणजे महिन्याला १८० युनिट; त्या खोलीच्या एसीचे आणखी २४० युनिट धरू. युनिटला आठ रुपये धरले तर हे ३,३६० रुपये झाले. बॅटऱ्यांना दर तीन वर्षांनी ४०,००० रुपये म्हणजे महिना १,१०० रुपये, देखभालीच्या वार्षिक कराराचे महिना ३,००० रुपये आणि बॅकअपच्या डिस्कचे ५०० रुपये. बेरीज १४,००० रुपयांच्या आसपास जाते.

आता २२,००० रुपयांकडे पाहू. हा दर चोवीस तासांचा आहे. महिन्यात ७३० तास असतात. आपले कार्यालय सकाळी आठ ते रात्री आठ, सव्वीस दिवस चालत असेल तर लागणारे तास ३१२ आहेत. रात्री आणि रविवारी यंत्र बंद ठेवले तर त्या काळाचे भाडे लागत नाही, डिस्कचे मात्र लागत राहते. २२,००० पैकी १६,००० यंत्राचे आणि ६,००० डिस्क व बॅकअपचे असतील, तर खर्च १३,००० रुपयांच्या आत येतो. म्हणजे दोन्ही पारडी जवळजवळ समान आहेत. त्यामुळे हा निर्णय पैशांवरून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कराचा भाग थोडक्यात. सर्व्हर भांडवली खर्चात जातो आणि आयकरात त्यावर ४० टक्के दराने घसारा मिळतो. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्माच मिळतो. क्लाउडचे भाडे त्याच वर्षी पूर्ण खर्ची पडते. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्के आहे आणि कारखान्याला त्याची वजावट मिळते. पतसंस्था चालवणाऱ्यांनी मात्र हे वाचून तसाच हिशेब करू नये: त्यांच्या व्याजाच्या उत्पन्नावर जीएसटी लागत नसल्यामुळे त्या प्रमाणात वजावट मिळत नाही आणि तो भार त्यांना स्वतःच सोसावा लागतो.

आपली संस्था भागीदारी आहे की प्रायव्हेट लिमिटेड, हे आपण लिहिलेले नाही. कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची नोंद राखणे बंधनकारक आहे, आणि २०२२ च्या ऑगस्टमधील नियमदुरुस्तीनुसार हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. केंद्र कोणत्या देशात आहे, हे करारात लिहून घ्या.


उद्यमबागकर

दोघांचाही मनापासून आभारी आहे. आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. काकांनी विजेचा आकडा दोनदा तपासला आणि तो मान्य केला. त्यांना आता दोन शंका आहेत. आमची नोंदणी कर्नाटकात, आणि डेटा महाराष्ट्रातील मुंबईत; पुढे यातून काही अडचण येईल का? दुसरे असे की, २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर येऊन कोल्हापूरकडचा रस्ता बंद पडला होता. तशा वेळी आमची स्वतःची बिलेसुद्धा आम्हाला दिसणार नाहीत का?


निपाणीचा करसल्लागार

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. मी ज्या नियमांचा उल्लेख केला, त्यांत भारतात असणे एवढीच अट आहे. राज्याची सीमा तिथे येत नाही. आपल्याकडील अनेक संस्थांच्या शाखा महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजपर्यंत आहेत आणि त्यांचे हिशेब एकाच ठिकाणी राहतात.


टिळकवाडी नेटवर्क

दुसऱ्या शंकेबद्दल. रस्ता बंद पडला म्हणून फायबर बंद पडतेच असे नाही, आणि कंपन्यांचे मार्ग हुबळी-बंगळूर बाजूनेही असतात. माझ्या अनुभवात जोडणी तुटते ती पुरापेक्षा गल्लीतल्या गटारीच्या खोदकामाने. म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घ्या, आणि त्या घेतल्यावर स्वतः बाहेर जाऊन वर पाहा: मी एका ठिकाणी दोन कंपन्यांच्या तारा एकाच खांबावरून, एकाच बांधणीत आलेल्या पाहिल्या आहेत, आणि तो खांब ट्रकच्या धक्क्याने पडला तेव्हा दोन्ही एका क्षणात गेल्या. एक फायबर आणि एक मोबाइलच्या जाळ्यावरची, अशी जोडी अधिक भरवशाची ठरते.

क्लाउड कंपनी ९९.९ टक्के उपलब्धतेचे वचन देते, तेव्हा वर्षातून पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा तिने ठेवलेली असते. भरपाई मिळते ती पुढच्या बिलातील सवलतीच्या रूपाने. आपल्या अडलेल्या मालाची नव्हे. आणि आपल्या दारापर्यंतची तार त्या वचनात येतच नाही.

प्रती कुठे राहतील, हेही पाहा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली आणि एक इमारत पूर्ण जळाली; ज्यांचा बॅकअप बाहेर कुठेच नव्हता, त्यांचा डेटा परत आला नाही. क्लाउडवर ठेवले म्हणजे बॅकअप झाला, असा समज करून घेऊ नये. ॲमेझॉनचे मुंबईचे केंद्र २०१६ पासून आहे आणि हैदराबादचे २०२२ पासून. मायक्रोसॉफ्टची केंद्रे पुणे, मुंबई आणि चेन्नईत २०१५ पासून आहेत. मूळ एका शहरात आणि प्रत दुसऱ्या शहरात ठेवण्याचा खर्च फार नाही. तिसरी प्रत आपल्या एनएएसवर उतरवा, म्हणजे काकांना इंटरनेट नसतानाही कालपर्यंतची बिले पाहता येतील.


खानापूरची पतसंस्था

मी खानापूर तालुक्यातील एका पतसंस्थेत कामाला आहे. वर सगळे यंत्रांबद्दल लिहिले गेले आहे. मला क्लाउडवरच्या खात्याबद्दल लिहायचे आहे, कारण त्याची किंमत आम्ही मोजली आहे.

पावसाळ्यात आमच्याकडे दिवसदिवस वीज नसते, म्हणून संचालक मंडळाने क्लाउडवर जाण्याचा ठराव केला आणि सगळे काम एका पुरवठादाराकडे सोपवले. त्याने क्लाउडवरचे खाते स्वतःच्या ईमेलवर उघडले, त्याला स्वतःचेच कार्ड जोडले आणि आम्हाला तो महिन्याला बिल देत राहिला. दीड वर्ष सुरळीत गेले. नंतर दरावरून वाद झाला आणि त्याने सांगितले की, थकबाकी भरल्याशिवाय पासवर्ड मिळणार नाही. क्लाउड कंपनीकडे विचारणा केली तेव्हा तिचे उत्तर नियमाला धरूनच होते: खाते ज्याच्या नावावर आहे, त्याचेच ऐकले जाईल. ठेवीदार काउंटरवर उभे, मार्च महिना तोंडावर आलेला, आणि आमच्या खातेदारांच्या नोंदी आमच्याच हातात नाहीत. शेवटी तो मागेल ती रक्कम भरली. आमचे व्यवस्थापक त्या रात्री घरी गेलेच नाहीत. संगणकासमोर बसून शेवटची फाइल उतरेपर्यंत ते टक्केवारीचा आकडा पाहत होते.

म्हणून आपणास कळकळीने सांगतो की, मूळ खाते कंपनीच्या स्वतःच्या ईमेलवर उघडा. तो ईमेल कोणा एका कर्मचाऱ्याचा वैयक्तिक नसावा. कार्ड कंपनीचे असावे, बिल थेट कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर यावे, दुहेरी पडताळणीचा (पासवर्डनंतरचा कोड येणारा) फोन आप्पांकडे किंवा काकांकडे असावा. पुरवठादाराला कामापुरता वेगळा प्रवेश द्यावा, जो एका मिनिटात काढून घेता येईल. त्याच वेळी खर्चाची मर्यादा घालून सूचना सुरू करा. ठरलेल्या रकमेच्या निम्म्यावर पोहोचताच मोबाइलवर संदेश आला पाहिजे. आमच्याकडे चाचणीसाठी सुरू केलेले एक यंत्र तीन आठवडे कोणाच्याही लक्षात न येता चालू राहिले होते.

बाहेर पडण्याची वाट आत जातानाच पाहून ठेवा. डेटा वर पाठवायला सहसा पैसे लागत नाहीत, खाली आणायला लागतात. २०२४ च्या सुरुवातीला गूगलने आणि पाठोपाठ ॲमेझॉनने, कायमचे सोडून जाणाऱ्यांसाठी हे शुल्क माफ केले. पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो, आणि अर्ज खातेदारालाच करता येतो.

आणखी एक गोष्ट, जी सीमाभागातल्या संस्थांनाच समजेल. आमच्या सभासदांची नावे मराठीतही होती आणि कन्नडमध्येही. मराठी श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेली, कन्नड नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये. हे जुने फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेताचे, नव्हते. नव्या प्रणालीत नेल्यावर कागदावर ‘लक्ष्मण’ असलेल्या माणसाचे नाव पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची रांग होऊन आले. बदलून देणारे प्रोग्रॅम आहेत, त्यांनी बहुतेक नावे नीट केली, पण जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहिल्या. दोन लिपिकांनी सभासद नोंदवही शेजारी ठेवून एकेक नाव वाचून काढले. आपल्या ईआरपीत कामगारांची किंवा पुरवठादारांची नावे अशी असतील, तर हे काम जुने यंत्र चालू आहे तोवरच उरका.


टिळकवाडी नेटवर्क

खानापूरच्या सदस्यांनी लिहिलेले प्रत्येक नव्या ग्राहकाला वाचायला द्यावे असे आहे. मी त्यात सुरक्षेचा एकच मुद्दा जोडतो. रिमोट डेस्कटॉपचे दार, म्हणजे पोर्ट ३३८९, थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नका. असे दार उघडल्यावर काही तासांत परक्या ठिकाणांहून पासवर्डचे प्रयत्न सुरू होतात आणि खंडणीखोर प्रोग्रॅम आत शिरण्याची ती नेहमीची वाट आहे. आधी व्हीपीएन (फक्त आपल्या माणसांसाठीची सुरक्षित जोडणी), मग डेस्कटॉप, असाच क्रम ठेवा. क्लाउड कंपनी इमारत, वीज आणि यंत्रे सांभाळते. आत कोणाला घ्यायचे, हे आपल्यालाच सांभाळावे लागते. बॅकअपच्या प्रती ठरावीक दिवस कोणालाही पुसता येऊ नयेत, अशी सोय सर्व मोठ्या कंपन्यांकडे आहे. ती सुरू करा. असा हल्ला झालाच तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार तो सहा तासांत कळवावा लागतो आणि १८० दिवसांच्या लॉग नोंदी (यंत्रावर कधी काय घडले याच्या नोंदी) राखाव्या लागतात, हे कंपनी म्हणून आपल्यालाही लागू आहे.


उद्यमबागकर

काल रात्री जेवणानंतर आप्पा, काका आणि मी हा सगळा धागा एकत्र बसून वाचला. खानापूरच्या सदस्यांचा अनुभव काकांनी दोनदा वाचायला लावला.

आमचे असे ठरले आहे. सर्व्हर घ्यायचा नाही. व्हीएमसीसाठी बंद पेटीतला संगणक शॉपच्या कार्यालयात राहील, ड्रॉइंगसाठी एनएएस घेऊ, टॅली आणि ईआरपी मुंबईच्या केंद्रात आणि त्यांच्या प्रती हैदराबादला. सिम्युलेशनच्या परवान्याबद्दल विचारणा पाठवली आहे आणि दोन ग्राहकांकडे लेखी परवानगी मागितली आहे. उत्तर येईपर्यंत ते काम इथेच रात्री चालेल. कंपनीच्या नावाने वेगळा ईमेल आज सकाळी उघडला. दुहेरी पडताळणीचा फोन काकांनी स्वतःकडे मागून घेतला आणि पासवर्ड लिहिलेला कागद पाकिटात घालून तिजोरीत ठेवला.

नेटवर्कवाल्या दादांनी सांगितले म्हणून बाहेर जाऊन वर पाहिले. आमच्या दोन्ही तारा एकाच खांबावरून येतात. दुसरी काढून मोबाइलच्या जाळ्यावरची जोडणी घेण्यासाठी अर्ज केला आहे. येत्या रविवारी भट्टी बंद असताना जुन्या सर्व्हरवरून टॅलीचा बॅकअप क्लाउडवर उतरवून, मार्चअखेरचा ताळेबंद तिकडे जुळतो का ते काका स्वतः तपासणार आहेत. तो जुळेपर्यंत जुने यंत्र साफ करून, दरवाज्याला रबराची पट्टी लावून चालू ठेवतो. रविवारी काय झाले ते इथेच लिहीन.